समुद्री बर्फावरच्या सील, अस्वले आणि देवमाशांवर संशोधन : अमेरिकेतला परवाना कसा मिळवायचा?

अलास्काच्या उत्तरेला बर्फावर पहुडलेल्या सीलला टॅग लावायचा असो किंवा कमी उंचीवरून ड्रोनने त्यांची गणती करायची असो, अमेरिकेच्या हद्दीत आधी परवानगी लागते. 1972 च्या मरीन मॅमल प्रोटेक्शन अ‍ॅक्टने समुद्री सस्तन प्राण्यांना मारणे, पकडणे आणि त्रास देणे, या सगळ्यावरच बंदी घातली. संशोधनासाठी त्या बंदीतून सूट मिळते, पण ती अर्ज करूनच.

अर्ज कुणाकडे करायचा हे प्राण्यावर ठरते. देवमासे, डॉल्फिन आणि सील नोआ फिशरीज या अमेरिकेच्या सागरी मत्स्य खात्याच्या अखत्यारीत येतात, तर ध्रुवीय अस्वल आणि वॉलरस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या वन्यजीव खात्याच्या. त्यामुळे सील आणि त्याची शिकार करणारे अस्वल या दोघांचा एकत्र अभ्यास करायचा तर दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात. अमेरिकी चमू अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलवर काम करणार असेल, तर नोआच्या परवान्याशिवाय 1978 च्या अँटार्क्टिक कॉन्झर्व्हेशन अ‍ॅक्टखाली नॅशनल सायन्स फाउंडेशनचाही परवाना लागतो.

पात्रतेत पदवीपेक्षा हातचा अनुभव जास्त मोजला जातो. रक्त काढणे, भूल देणे, ट्रान्समीटर चिकटवणे यांपैकी जे काम ज्याच्याकडे असेल, ते त्याने आधी केलेले आहे हे मुख्य संशोधक आणि सहसंशोधकांच्या परिचयपत्रांतून दिसायला हवे. संशोधनही खरेखुरे हवे. म्हणजे निष्कर्ष तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकात छापले जाण्याजोगे असावेत, त्या प्राण्याच्या जीवशास्त्रात भर घालणारे असावेत किंवा त्याच्या संवर्धनातला एखादा प्रश्न सोडवायला उपयोगी पडावेत.

नोआकडे एक सोपी वाटही आहे. प्राण्याच्या वागण्यात फक्त तात्पुरता व्यत्यय येणार असेल आणि इजेची शक्यता नसेल, तर जनरल ऑथरायझेशन, म्हणजे सर्वसाधारण परवानगी, याखाली इरादापत्र पाठवायचे. 30 दिवसांत उत्तर येते. पण बर्फावर अवलंबून असलेल्या बऱ्याच प्राण्यांसाठी ही वाट बंद आहे. रिंग्ड सील आणि बिअर्डेड सील 2012 मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आले आणि बोहेड देवमासाही यादीत आहे. यादीतल्या प्राण्यांसाठी एंडेंजर्ड स्पीशीज अ‍ॅक्टचीही मंजुरी असलेला पूर्ण परवानाच लागतो. अस्वलाचे प्रकरण दुसऱ्या खात्याकडे असले, तरी 2008 पासून तेही याच यादीत आहे आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे वितळणारा समुद्री बर्फ.

अर्जाचे यश ठरते ते प्राण्यांच्या तक्त्यात. प्रजाती, वय, लिंग, किती प्राणी, प्रत्येकाला किती वेळा, कोणती कृती, कुठे आणि कोणत्या महिन्यांत, हे सारे ओळीओळीने भरायचे असते. अनेक जण फक्त पकडायच्या प्राण्यांचा आकडा लिहितात आणि तिथेच अर्ज अडतो. एका सीलजवळ जाताना शेजारचे सील पाण्यात उड्या घेणार असतील, तर तेही मोजायचे. आई आणि पिल्लू वेगवेगळे मोजायचे. रिंग्ड सीलची मादी बर्फावर साचलेल्या हिमात पोकळी करून वसंत ऋतूत तिथे पिल्लाला जन्म देते. वरून जाणाऱ्या स्नोमोबाइलला ती पोकळी दिसत नाही, म्हणून मार्ग कसा निवडणार हे अर्जात स्पष्ट लिहा. आकडा मुद्दाम कमी दाखवू नका. मंजूर मर्यादा ओलांडली तर काम थांबवून कळवावे लागते. फुगवूही नका, कारण इतके नमुने कशाला, याचे सांख्यिकी उत्तर द्यावे लागते. मला ही सक्ती योग्य वाटते. ज्याचे घरच आक्रसत चालले आहे त्याला आपण किती वेळा उठवणार, हे निघण्याआधी कागदावर मांडायलाच हवे.

सोबत संशोधनाचा आराखडा, इजा टाळण्याचे उपाय, परिचयपत्रे आणि संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी जोडावी. नोआचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.

अर्ज पूर्ण ठरला की फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात सूचना छापून 30 दिवस लोकांची मते मागवतात. मरीन मॅमल कमिशनही अर्ज तपासते. त्यात पर्यावरणीय परिणामांची छाननी धरली, तर मोहिमेच्या निदान वर्षभर आधी तयारीला लागावे, नाहीतर बर्फ चालण्याजोगा असतो तो हंगाम हातचा जातो.

अलास्कातल्या इनुपियाक आणि युपिक या मूळनिवासी लोकांना उदरनिर्वाहासाठी शिकारीचा हक्क 1972 च्या याच कायद्याने दिला आहे. आइस सील कमिटी किंवा अलास्का एस्किमो व्हेलिंग कमिशन या त्यांच्या संस्थांशी आधी बोला आणि तारखा शिकारीच्या काळाशी भिडू देऊ नका. बर्फ कुठे दगा देतो, सील कुठे गोळा होतात, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.

नोआचा परवाना बहुधा 5 वर्षांपर्यंतचा असतो आणि दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांचे रक्ताचे किंवा ऊतींचे नमुने परदेशी पाठवायचे झाल्यास त्याची कागदपत्रे वेगळी करावी लागतात. नवी प्रजाती किंवा नवी पद्धत घ्यायची असेल, तर आधी दुरुस्ती मंजूर करून घ्या आणि मगच बर्फावर उतरा.