फुटण्याआधी गळणारा बॉयलर

लाकडी आऱ्यांच्या चाकांची एक उंच, जुनी अमेरिकन मोटार. मालक टाकीत नळी सोडून पाणी भरतो, खालून थोडी वाफ निघते आणि गाडी अजिबात घरघर न करता रस्त्याला लागते. असे व्हिडिओ अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतात आणि सोबत मजकूर असतो : 'शंभर वर्षांपूर्वी पाण्यावर चालणारी गाडी होती, तेल कंपन्यांनी ती दडपून टाकली.' गाडी खरोखर होती, आजही काही जणांकडे चालू स्थितीत आहे. तिचं नाव स्टॅन्ली स्टीमर. तिच्यात पाणी भरावं लागतं हेही खरं, पण ती चालते रॉकेलवर.

पाणी इंधन होऊ शकत नाही, कारण ते आधीच जळून झालेलं आहे. हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जळला की ऊर्जा बाहेर पडते आणि पाणी उरतं. त्या पाण्यातून हायड्रोजन परत काढायचा, तर निदान तेवढीच ऊर्जा आत घालावी लागते. ओहायोतल्या स्टॅन्ली मायर नावाच्या माणसाने पाण्यावर बग्गी चालवल्याचा दावा केला होता. १९९६ साली तिथल्या न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवली आणि दोन गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करण्याचा आदेश दिला. त्याचा आणि आपल्या गाडीच्या स्टॅन्ली बंधूंचा नावापलीकडे काही संबंध नाही. पाण्यावर गाडी, चुंबकावर जनित्र, असले दावे पुढे पाठवताना आपण शाळेत शिकलेला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इतक्या सहज सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तेही अशा गाडीच्या नावावर, जिच्यात खरं विज्ञान ठासून भरलेलं आहे.

फ्रान्सिस आणि फ्रीलन स्टॅन्ली हे १८४९ साली मेन राज्यातल्या किंगफील्ड गावी जन्मलेले जुळे भाऊ. फोटोच्या काचा तयार करण्याच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला आणि १८९७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये पहिली वाफेची मोटार बनवली. तिचे हक्क विकले. ते विकत घेणाऱ्यांनी 'लोकोमोबील' नावाने गाड्या काढल्या. त्यातलीच एक घेऊन फ्रीलन आणि त्यांची पत्नी फ्लोरा ऑगस्ट १८९९ मध्ये माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर, १,९१७ मीटर उंचीवर जाऊन आले. १९०२ मध्ये भावांनी स्वतःची कंपनी पुन्हा काढली आणि ती १९२४ पर्यंत चालली. त्यांच्या 'रॉकेट' गाडीने २६ जानेवारी १९०६ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ताशी सुमारे २०५ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या गाडीचा हा अधिकृत विक्रम मोडायला २००९ साल उजाडावं लागलं.

इतकी जुनी गाडी इतकी पळाली कशी, याचं उत्तर तिच्या इंजिनात आहे. पेट्रोलचं इंजिन उभं असताना काहीच देऊ शकत नाही. आधी ते फिरलं पाहिजे, मग त्याच्यात जोर येतो, आणि म्हणून क्लच आणि गिअर लागतात. वाफेचा दाब मात्र बॉयलरमध्ये आधीच तयार असतो. थ्रॉटलचा, म्हणजे वाफ सोडण्याचा दांडा सरकवला की तो तडक दट्ट्यावर (पिस्टनवर) येतो, मग चाक फिरत असो वा नसो. २० अश्वशक्तीच्या स्टॅन्लीत ४ इंच व्यासाचे दोन सिलिंडर असत. चौरस इंचाला ६०० पौंड दाबाने एका दट्ट्यावर जवळजवळ साडेतीन टन जोर पडतो. वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने येते, म्हणजे एका फेऱ्यात चार धक्के, आजच्या आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाइतके. दोन्ही दट्ट्यांमध्ये पाव फेऱ्याचं अंतर ठेवलेलं असल्याने एक टोकाला अडकला तरी दुसरा मधे असतो आणि गाडी कुठल्याही स्थितीतून सुटते. इंजिन थेट मागच्या आसावर. त्याच्या दीड फेऱ्यात चाकाचा एक फेरा, आणि हेच गुणोत्तर कायम. ताशी साठ किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला साधारण साडेपाचशे फेरेच घेतं, म्हणून तो आवाज नाही.

पण माझं खरं प्रेम बॉयलरवर. ही गाडी विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्या माणसाला घरचे, शेजारी आणि विमा कंपनी एकच प्रश्न विचारतात : हा फुटला तर? आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये हवेच्या दाबाच्या वर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाब असतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. स्टॅन्लीत त्याच्या चाळीस पट दाब आणि सुमारे २५० अंश तापमान. शिवाय ही वस्तू बसते माणसाच्या पायांपुढे, पुढच्या झाकणाखाली. सुरुवातीच्या मॉडेलांत तर थेट सीटखाली. भीती रास्त आहे.

बॉयलर म्हणजे उभा पिंप. मोठ्या मॉडेलात व्यास २३ इंच. वर एक जाड पत्रा, खाली एक जाड पत्रा आणि दोन्हींना जोडणाऱ्या साडेसातशेच्या आसपास उभ्या नळ्या, प्रत्येकीचा व्यास जेमतेम १३ मिलिमीटर. खाली बर्नर. जाळाचे तप्त वायू नळ्यांच्या आतून वर जातात आणि पाणी नळ्यांच्या भोवती असतं. एवढ्याशा पिंपात या नळ्यांमुळे उष्णता घ्यायला सुमारे १०० चौरस फूट पृष्ठभाग मिळतो.

आता थोडं गणित. ते वगळून पुढच्या परिच्छेदावर गेलात तरी चालेल, पण मजा इथेच आहे. दंडगोल पिंपाची त्रिज्या र, भिंतीची जाडी ज, लांबी ल आणि आतला दाब द धरा. पिंप उभा चिरून दोन अर्धुकं झाली अशी कल्पना करा. त्यांना दूर ढकलणारा जोर द × २र × ल, आणि धरून ठेवणारा पत्रा दोन्ही कडांना मिळून २ × ज × ल. म्हणून पत्र्यातला ताण (द × र) / ज. आता पिंप आडवा कापा. ढकलणारा जोर द × πर², धरणारा पत्रा २πर × ज, म्हणून ताण (द × र) / (२ × ज). म्हणजे घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या बरोबर दुप्पट! दाबाने फुटणारा कुठलाही दंडगोल उभाच चिरतो, तो यामुळे. स्टॅन्ली बंधूंनी यावर काय केलं? पिंपाभोवती पियानोची पोलादी तार, खेचून ताणून, थरावर थर गुंडाळली. ओढून काढलेली ही तार साध्या पोलादाच्या चार-पाच पट ताण सोसते, आणि ती लागली आहे नेमकी घेराच्या दिशेला, जिथे ताण दुप्पट. ताणून गुंडाळल्यामुळे आतला पत्रा आधीपासूनच दाबलेल्या स्थितीत असतो. वाफेच्या दाबाला आधी तो दाब फेडावा लागतो, मग कुठे पत्रा ताणला जायला लागतो. उरली लांबीची दिशा. तिथे त्या शेकडो नळ्याच वरच्या आणि खालच्या पत्र्याला एकमेकांशी बांधून ठेवतात. उष्णता घेणारी वस्तूच बांधणीचंही काम करते. पिंप जाड करून वजन वाढवायची गरज उरली नाही.

मग कमकुवत काय राहिलं? नळीचा सांधा. नळीचं टोक पत्र्यातल्या भोकात घालून आतून फुगवून घट्ट बसवलेलं असे, झाळलेलं (वेल्ड केलेलं) नसे. चालकाचं दुर्लक्ष झालं आणि पाणी अगदी तळाला गेलं, की खालचा पत्रा आणि नळ्यांची खालची टोकं बेसुमार तापतात. तांब्याची नळी मऊ पडते, तिची पकड सुटते आणि एकेक सांधा पाझरायला लागतो. ते पाणी आणि वाफ पडतात थेट बर्नरवर. आग मंदावते, दाब उतरतो, गाडी रस्त्याकडेला उभी राहते. एखादी नळी पूर्णच गेली तरी भोक १३ मिलिमीटरचं. जुन्या रेल्वे इंजिनात पाणी कमी पडलं की भट्टीच्या छताचा अख्खा पत्रा एका क्षणात खाली यायचा आणि सगळी वाफ एकदम मोकळी व्हायची. मोठे स्फोट व्हायचे ते असे. स्टॅन्लीत इतका मोठा, आधाराविना पत्राच नाही. १९०७ साली विक्रमाच्या पुढच्या प्रयत्नात 'रॉकेट' किनाऱ्यावर उधळून तिचे तुकडे झाले, बॉयलर निखळून वाळूवर दूर गेला, आणि चालक फ्रेड मॅरियट जबर जखमी होऊनही वाचला.

म्हणूनच गाडी पुन्हा उभी करणाऱ्याने आपल्या बॉयलरचं सर्वांत कच्चं ठिकाण कोणतं, हे आधी माहीत करून घ्यावं. आज नवे बॉयलर बनवून मिळतात आणि त्यांत बरेचदा पोलादी नळ्या झाळून बसवतात. ते मजबूत असतात, पण वेळेआधी पाझरण्याची ती मूळची सवय त्यांच्यात राहत नाही. मग पाणी कमी होताच इंधन तोडणाऱ्या यंत्रणेवर सगळी भिस्त येते. ही यंत्रणा साधी आहे. पाण्याच्या पातळीला जोडलेली एक नळी; पाणी उतरलं की तिच्यात वाफ शिरते, नळी तापून लांब होते आणि इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करते. शिवाय कुकरच्या झाकणावर असतो तसा पाणी उतरून फार तापला की वितळणारा एक सुरक्षा प्लग असतोच. नवा बॉयलर, पण या दोन गोष्टी जुन्याच, न तपासलेल्या, असं कधीही करू नये.

आणि बॉयलर नवाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी गाडीत मूळचं जितकं वाचेल तितकं वाचवावं : अॅश लाकडाचा सांगाडा, पितळी दिवे, दाबाची घड्याळं, शक्य तर शंभर वर्षांचा रंगसुद्धा. पण नळ्यांच्या दाटीत पाण्याच्या बाजूने गंज किती खोल गेलाय, हे डोळ्यांना दिसतच नाही. मूळ बॉयलर काढून शेजारी प्रदर्शनात ठेवावा.

नवा असो वा जुना, पेटवण्याआधी त्याची चाचणी थंड पाण्याने होते, आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे. बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरायचा, वरच्या तोंडातून हवेचा शेवटचा बुडबुडाही बाहेर काढायचा आणि हातपंपाने दाब कामाच्या दाबाच्या दीडपट न्यायचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून त्यात ऊर्जाही साठत नाही. ६०० पौंड दाबाच्या एका लिटर गार पाण्यात हिशेबाने चारेक ज्यूल ऊर्जा असते, पाव किलोचं वजन दीड मीटर उचलायला लागते तेवढी. पत्रा फाटला तर दोन थेंब उडतील. त्याच दाबाचं अडीचशे अंश तापलेलं पाणी एकदम मोकळं झालं, तर त्याचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त तत्काळ वाफ बनतो, वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते, आणि एका लिटरमागे लाखभर ज्यूल बाहेर पडतात. दाबाच्या घड्याळाचा काटा मात्र दोन्ही वेळा एकाच आकड्यावर. हवा काढून टाकायची तीही यासाठीच, कारण हवा दबते आणि ऊर्जा साठवते. ज्याला हवेच्या कॉम्प्रेसरने बॉयलर तपासायचा मोह होतो, त्याने हे आकडे कागदावर मांडून पाहावेत.

बर्नरची कटकट वेगळीच. रॉकेल आधी जाळावरच्या नळीतून जाऊन वायू बनतं, मग हवेत मिसळून पत्र्याच्या बारीक भोकांतून निळ्या ज्योतीने जळतं. त्या नळीत काजळी धरते, म्हणून आत पोलादी दोर घातलेला असतो. तो ठरावीक काळाने ओढून साफ करायचा. उष्णता राखायला जुन्या गाड्यांत अॅस्बेस्टॉस वापरलेलं असे. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे, ते सुकं खरवडायचं नाही, जाणकाराकडून काढून घ्यायचं.

तेल कंपन्यांच्या कटाबद्दल एवढंच, की रॉकेल जाळणारी गाडी बंद पाडून त्यांना काय मिळणार होतं? स्टॅन्लीला थंड स्थितीतून निघायला अर्धा तास लागे, १९१५ पूर्वीच्या मॉडेलांत वापरलेली वाफ हवेत सोडून दिली जाई म्हणून वारंवार पाणी भरावं लागे, आणि इंधनातल्या उष्णतेपैकी दहा टक्केसुद्धा चाकापर्यंत पोचत नसे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि पेट्रोल गाडीचा हँडल मारायचा त्रासही संपला. फोर्डची मॉडेल टी तर कित्येक पटींनी स्वस्त होती.

फिलाडेल्फिया, न्यू जर्सीकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ही गाडी प्रत्यक्ष बघता येईल. डेलावेअरमधल्या यॉर्कलिन गावी ऑबर्न हाइट्स इथे मार्शल स्टीम म्युझियम आहे, तिथे चालू स्थितीतल्या स्टॅन्लींचा मोठा संग्रह आहे आणि काही ठरावीक दिवशी त्या पेटवतात. गाडी फिरताना बघून समाधान मानू नका. सकाळी लवकर पोचा, पायलटची ज्योत (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) लावण्यापासून दाब चढेपर्यंतचा सगळा वेळ तिथे थांबा, आणि तिथल्या माणसांना विचारा की या बॉयलरच्या नळ्या फुगवून बसवल्यात की झाळून.