नवं व्हर्जन टाकताना जुनं कुठे असतं?

आमच्याकडून कॉम्प्युटर घेणाऱ्या आणि दुरुस्तीला देणाऱ्या ग्राहकांसाठी

नवं व्हर्जन टाकलं की जुनं आपोआप पुसलं जातं, असं बरेच जण धरून चालतात. सगळ्याच सॉफ्टवेअरचं तसं नसतं. हिशेबाच्या टॅलीचं जुनं व्हर्जन टॅली ईआरपी ९ आणि नवं टॅलीप्राइम एकाच मशीनवर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहू शकतात. मग डेस्कटॉपवर दोन आयकॉन दिसतात, आणि ऑपरेटर बदलला की काही एन्ट्री एकात, काही दुसऱ्यात होऊन बसतात. म्हणून कंपनी निवडताना स्क्रीनवर दिसणारा डेटाचा पाथ, म्हणजे डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते, वाचायची सवय लावा. टॅलीप्राइम ३.० किंवा पुढच्या रिलीजवर जाताना डेटा मायग्रेट करावा, म्हणजे नव्या रिलीजच्या स्वरूपात बदलून घ्यावा लागतो आणि तो नंतर जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही, त्यामुळे बॅकअप आधी घ्या.

६४-बिट विंडोजच्या सी ड्राइव्हवर ‘प्रोग्राम फाइल्स’ नावाचे दोन फोल्डर असतात. एकाच्या नावापुढे कंसात एक्स८६ लिहिलेलं असतं. त्यात ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर जातं, दुसऱ्यात ६४-बिट. जागा करायची म्हणून यातला एक डिलीट करू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. सॉफ्टवेअर काढायचं तर सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’मधूनच काढा.

काही सॉफ्टवेअर फक्त एकाच लॉगिनसाठी टाकलं जातं. ते त्या युजरच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये बसतं. मुलाने त्याच्या लॉगिनमध्ये प्रोग्रामिंग शिकायला टाकलेलं पायथन तुम्हाला दिसत नाही, ते बहुधा यामुळेच.

सगळ्यात जास्त घोळ जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरचा होतो. विंडोज एक्सपीच्या काळातली ही सॉफ्टवेअर आपला डेटा थेट ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायची. एक्सपीनंतर आलेल्या व्हिस्टापासून विंडोज साध्या युजरला तिथे लिहू देत नाही. पण जुनं ३२-बिट सॉफ्टवेअर बंद पडू नये म्हणून विंडोज त्याच्या फाइल्स गुपचूप ‘ॲपडेटा’च्या आत ‘लोकल’ आणि त्याच्या आत ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरमध्ये ठेवतं. हा फोल्डर प्रत्येक लॉगिनचा वेगळा. मालकाच्या लॉगिनमध्ये केलेली बिलं मुनीमजींच्या लॉगिनमध्ये न दिसण्याचं हे एक कारण असू शकतं. बिलं गेली असं समजून सॉफ्टवेअर पुन्हा टाकू नका, आधी आम्हाला फोन करा. बहुतेक वेळा फाइल तिथे जशीच्या तशी असते. मात्र प्रोग्रामचा फोल्डर तेवढा पेनड्राइव्हवर घेतला तर अशा फाइल्स बॅकअपमधून सुटतात.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फोल्डरवरून व्हर्जन ओळखायला जाऊ नका. २०१० चा फोल्डर ‘ऑफिस१४’, २०१३ चा ‘ऑफिस१५’, आणि २०१६, २०१९, २०२१ या तिन्हींचा ‘ऑफिस१६’. वर्ड उघडून ‘फाइल’मधल्या ‘अकाउंट’वर (२०१० मध्ये ‘हेल्प’वर) गेलात की खरं नाव दिसतं. ३२-बिट आणि ६४-बिट ऑफिस एकत्र टाकायला गेलात, तर इन्स्टॉलर बहुतेकदा अडवतो.

कोणतं सॉफ्टवेअर कुठून चालतंय हे बघायचं असेल, तर डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा.

मशीन फॉरमॅट मारायला आणताना रोज वापरता ती सॉफ्टवेअर, त्यांची व्हर्जन आणि घरातले किंवा दुकानातले सगळे लॉगिन एका कागदावर लिहून आणा. प्रत्येक लॉगिनचा ‘ॲपडेटा’ आम्ही तुमच्यासमोर उघडून बघू आणि त्यानंतरच फॉरमॅटला हात घालू.