बर्कली हायस्कूल

बर्कली हायस्कूल ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली शहराची सार्वजनिक शाळा असून तिची स्थापना १८८० मध्ये झाली. नववी ते बारावीचे तीन हजारांहून अधिक विद्यार्थी येथे शिकतात. प्रवेशपरीक्षा नाही, आणि शहरात या प्रकारचे सर्वसाधारण सार्वजनिक हायस्कूल दुसरे नाही. त्यामुळे पूर्वेकडच्या टेकड्यांवरील प्राध्यापक-वकिलांची मुले आणि पश्चिमेच्या सखल भागातील कामगार कुटुंबांतील मुले एकाच शाळेत येतात. गौरवर्णीय, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई अशा सर्वच समाजांचे विद्यार्थी येथे लक्षणीय संख्येने आहेत.

न्यायालयाचा आदेश नसताना बर्कलीने १९६८ मध्ये प्राथमिक शाळांतील वर्णविभाजन दुतर्फा बससेवेने, म्हणजे दोन्ही भागांतील मुलांना एकमेकांच्या भागातील शाळांत बसने पाठवून, मोडले. कमला हॅरिस लहानपणी याच योजनेच्या बसने शाळेत जात असत. हायस्कूल मुळातच सर्वांचे होते, पण एका आवाराने एक शाळा घडत नाही याचा अनुभव तेथे वारंवार आला. वरच्या पातळीच्या गणिताच्या वर्गांत प्रामुख्याने गौरवर्णीय आणि उजळणीच्या वर्गांत प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थी, हे चित्र अनेक दशके टिकले. शाळेचा अभ्यासक्रम आणि त्यावरील वाद बव्हंशी या प्रश्नाभोवती फिरत आले आहेत.

१९६० च्या दशकाअखेर येथे आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. देशातील सार्वजनिक हायस्कुलांत तो अशा प्रकारचा पहिला मानला जातो. कृष्णवर्णीयांच्या इतिहास-साहित्याबरोबरच किस्वाहिली भाषा आणि आफ्रो-हैतियन नृत्य हे विषयही शाळेत शिकवले गेले. विविध वंशसमूहांचा अभ्यास नववीला सक्तीचा करण्याचा निर्णयही या शाळेने राज्यातील बहुतेक शाळांच्या कितीतरी आधी घेतला.

एवढ्या मोठ्या शाळेत विद्यार्थी हरवू नये म्हणून ती पुढे लहानमोठ्या घटकांत विभागण्यात आली. ॲकॅडेमिक चॉइस आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या पदविकेची सोय असलेले बर्कली इंटरनॅशनल हे दोन घटक मोठे आहेत. कला व मानव्यविद्या, संज्ञापन, तसेच वैद्यक व लोकसेवा यांना वाहिलेले तीन घटक लहान आहेत. लहान घटकात शिक्षक मुलांना नावानिशी ओळखतात, हा त्यांचा खरा लाभ. मात्र निवड कुटुंबांच्या पसंतीवर अवलंबून असल्याने जुनीच विभागणी नव्या नावांनी परतते, अशी टीका झाली आणि ती निराधार म्हणता येत नाही. त्यावर उपाय म्हणून २०१८ पासून नववीचे सर्व विद्यार्थी मिश्र गटांत समान विषय शिकू लागले; घटकाची निवड दहावीपासून होते. पैशाच्या वाटपावरूनही असेच वाद झडले. शाळेच्या नियमित वेळेबाहेर चालणाऱ्या विज्ञान प्रयोगशाळांचा निधी मागे पडलेल्या विद्यार्थ्यांकडे वळवण्याच्या २००९ मधील प्रस्तावाने शहरभर गदारोळ उडाला. शाळांना पूरक निधी देणारा स्थानिक मालमत्ता-कर बर्कलीचे मतदार १९८६ पासून मंजूर करत आले आहेत.

शाळा शहराच्या मध्यभागी, कॅलिफोर्निया विद्यापीठापासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. मधल्या सुट्टीत आवाराबाहेर जाण्याची मुभा असल्याने दुपारी शॅटक मार्गावरील खाद्यगृहांसमोर मुलांच्या रांगा लागतात. येथील जॅझ परंपरेचे मूळ १९६० च्या दशकात प्राथमिक शाळांत सुरू झालेल्या जॅझ-शिक्षणात आहे; सॅक्सोफोनवादक जोशुआ रेडमन आणि ट्रम्पेटवादक ॲम्ब्रोज अकिनमुसिरे हे त्याच परंपरेतले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ग्रंथालयातील संगणकावर वर्णद्वेषी धमकी आढळली, तेव्हा हजाराहून अधिक विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून विद्यापीठापर्यंत मोर्चा नेला.

‘जॅकेट’ हे विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र शाळेबाहेरही दखल घ्यावी असे आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये बर्कलीतील एका इमारतीत भारतातून आणलेली एक किशोरवयीन मुलगी कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने दगावली. शालेय वयाची ही मुलगी कुठल्याच शाळेत का नव्हती, एवढ्या साध्या प्रश्नावरून दोन विद्यार्थिनी-वार्ताहरांनी शोध घेतला आणि स्वस्त मजुरीसाठी दक्षिण भारतातून माणसे आणली जात असल्याची बातमी छापली. इमारतीचा मालक, मूळचा आंध्र प्रदेशातील, शहरातील बडा घरमालक होता. जानेवारी २००० मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी तुरुंगवासाची शिक्षा ठोठावण्यात आली.