तो ‘अर्धा’ आला कुठून? एकसमान त्वरणाच्या समीकरणांची पार्श्वभूमी

एकसमान त्वरणाची तीन समीकरणं सिद्ध करायला फळ्यावर दहा मिनिटं पुरतात. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात पडणारी भर. त्यावरून पहिलं मिळतं: अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ. वेग-काळ आलेखाखालचं क्षेत्रफळ काढलं की दुसरं: विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + अर्धा × त्वरण × काळाचा वर्ग. या दोन्हींतून काळ काढून टाकला की तिसरं.

या दहा मिनिटांमागे तीनशे वर्षं आहेत. दुसऱ्या समीकरणातला तो ‘अर्धा’ पाठ होतो, पण तो तिथे का आहे हे बहुतेकांना कळलेलंच नसतं. मलाही शाळेत कळलं नव्हतं. आणि या तिन्हींना ‘न्यूटनची समीकरणं’ म्हणण्याची सवय तर इतकी रुळली आहे की ती दुरुस्त करावीशी वाटते. यांचा गाभा १६३८ साली छापून झाला, तेव्हा न्यूटनचा जन्मही झालेला नव्हता. त्यातला ‘अर्धा’ तर त्याहूनही तीनशे वर्षं जुना.

गोष्ट सुरू होते ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात. तिथल्या तर्कशास्त्र्यांना पडणाऱ्या वस्तूंशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न अमूर्त होता: उष्णता, शुभ्रपणा किंवा वेग असा एखादा गुण हळूहळू वाढत गेला, तर त्या सगळ्याचा एकूण हिशेब कसा मांडायचा? १३३५ साली विल्यम हेट्सबरीने वेगापुरतं उत्तर दिलं. थांबलेली वस्तू एकसारखा वेग वाढवत एका ठरावीक वेगापर्यंत पोहोचली, तर तिने कापलेलं अंतर, त्याच काळात त्याच्या निम्म्या वेगाने एकसारखी चाललेल्या वस्तूइतकंच असतं. हाच आपला ‘अर्धा’. अंतिम वेगाच्या जागी ‘त्वरण × काळ’ ठेवा, त्याचं निम्मं करून पुन्हा काळाने गुणा, की दुसऱ्या समीकरणाचं शेवटचं पद हातात येतं. काळाच्या उत्तरार्धात वस्तू पूर्वार्धाच्या तिप्पट अंतर कापते, हेही हेट्सबरीने नोंदवून ठेवलं.

हे डोळ्यांना दिसेल असं केलं पॅरिसच्या निकोल ओरेमने, त्यानंतर साधारण वीसेक वर्षांत. त्याने एक आडवी रेघ काढली. ती म्हणजे काळ. त्या रेघेवर प्रत्येक क्षणाच्या वेगाएवढी उभी रेघ. वेग शून्यापासून एकसारखा वाढत असेल तर या उभ्या रेघांची टोकं तिरक्या सरळ रेषेत येतात आणि काटकोन त्रिकोण तयार होतो. आता त्रिकोणाच्या निम्म्या उंचीवर एक आडवी रेघ मारा. उजवीकडे तिच्या वर उरलेला छोटा त्रिकोण कापून, उलटा फिरवून डावीकडच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवा. तो चपखल बसतो. त्रिकोणाचा आयत झाला, निम्म्या उंचीचा आणि त्याच क्षेत्रफळाचा. कागद आणि कात्री घेऊन एकदा तरी हे करून पाहावं, अशी माझी मनापासून शिफारस आहे. सुरुवातीचा वेग शून्य नसेल तर त्रिकोणाखाली आणखी एक आयत येतो, दोन्ही मिळून समलंब चौकोन होतो, आणि दुसऱ्या समीकरणातली दोन पदं म्हणजे हे दोन तुकडे. आलेखाची पद्धत ज्या देकार्तच्या नावावर सांगितली जाते, त्याची ‘भूमिती’ १६३७ सालची. तिच्या पावणेतीनशे वर्षं आधीचा हा आलेख आहे.

तरीही बराच काळ कुणी विचारलं नाही की निसर्गात अशी गती कुठे आढळते का. स्पॅनिश पंडित दोमिंगो दे सोतोने सोळाव्या शतकाच्या मध्यावर ‘पडणारी वस्तू अशीच वेग वाढवत जाते’ असं लिहून ठेवलं, पण मोजून पाहिलं नाही.

मोजलं गॅलिलिओने. त्याआधी मात्र तो चुकला, आणि ती चूक मला या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. ऑक्टोबर १६०४ मध्ये त्याने व्हेनिसमधल्या आपल्या मित्राला, पाओलो सार्पीला, पत्र लिहिलं. पडलेलं अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणजे लागोपाठच्या समान कालखंडांतली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांनी वाढतात, हे त्याच्याकडे होतं. पण त्याच्या मुळाशी त्याने जे तत्त्व धरलं ते असं: वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट उंचीवरून पडलेल्या वस्तूचा दणका जास्त बसतो, त्यामुळे हे पटण्यासारखंही होतं. पण नीट पाहिलं तर त्यात गती सुरूच होत नाही. सुरुवातीला अंतर शून्य, म्हणून वेग शून्य. वेग शून्य, म्हणून अंतर शून्यच राहणार. वस्तू जागची हलणार नाही. ‘एकसमान’ म्हणजे कशाच्या हिशेबाने एकसमान, अंतराच्या की काळाच्या, हा खरा पेच होता. काळाची बाजू घ्यायला गॅलिलिओला पुढची काही वर्षं लागली. आज आपण पहिलं समीकरण ‘ही तर व्याख्याच’ म्हणून एका ओळीत संपवतो. ती ओळ लिहिण्याआधी हा पेच सुटावा लागला.

मोजणीची अडचण उघड होती. सात मीटरवरून सोडलेली वस्तू जेमतेम सव्वा सेकंदात जमिनीवर येते. म्हणून त्याने पडणं संथ केलं. सुमारे १२ हात, म्हणजे अंदाजे सात मीटर लांबीची लाकडी तुळई, तिच्या कडेवर कोरलेली सरळ खोबण, खोबणीत गुळगुळीत चर्मपत्र चिकटवलेलं, आणि त्यावरून घरंगळणारी कठीण, गोल ब्राँझची गोळी. तुळईचं एक टोक थोडं उचललेलं. घड्याळ म्हणजे पाण्याचं मोठं भांडं, त्याच्या तळाला बारीक नळी. गोळी सुटली की पाणी पेल्यात धरायचं, पोहोचली की थांबवायचं, मग ते पाणी नाजूक तराजूत तोलायचं. वजनांचं गुणोत्तर तेच काळांचं गुणोत्तर. पाव लांबीला बरोबर निम्मा काळ लागतो असं त्याने लिहिलं. फरक नाडीच्या ठोक्याच्या दहाव्या भागाइतकाही पडत नव्हता, असा त्याचा दावा होता. विसाव्या शतकात अलेक्सांद्र कोयरेसारख्या इतिहासकारांना हे काही खरं वाटेना. १९६१ साली टॉमस सेटल यांनी तशीच उतरण आणि तसंच जलघड्याळ तयार करून पाहिलं. ती अचूकता खरोखर मिळते.

गॅलिलिओचे कच्चे कागद फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यातल्या एका पानावर अंतरांचे आठ आकडे आहेत, आणि स्टिलमन ड्रेक यांनी त्यांच्याकडे इतिहासकारांचं लक्ष वेधलं. ते आकडे ३३, १३०, २९८, ५२६ असे सुरू होऊन २१०४ वर थांबतात. ३३ ची चौपट १३२, नऊपट २९७, सोळापट ५२८, चौसष्टपट २११२. एक-दोन, फार तर आठ एककांचा फरक, आणि एकक मिलिमीटरभराचं. या आकड्यांशेजारी त्याने १, ४, ९, १६ हे वर्गही लिहिले आहेत. मोजून आलेल्या आकड्यांवर नियम असा उमटलेला पाहताना आजही अंगावर शहारा येतो.

हे सगळं पुस्तकात आलं १६३८ मध्ये, हॉलंडमधल्या लायडनला. तेव्हा गॅलिलिओ फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीत नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती. पहिलं प्रमेय म्हणजे हेट्सबरीचाच सरासरी वेगाचा नियम, सोबत तोच त्रिकोण, फक्त काळाची रेघ उभी. दुसरं प्रमेय काळाच्या वर्गाचं.

त्या पुस्तकात एकही समीकरण मात्र सापडणार नाही. युक्लिडच्या परंपरेत गुणोत्तर फक्त सजातीय राशींचं घ्यायचं: अंतराचं अंतराशी, काळाचं काळाशी. अंतराला काळाने भागणं या भाषेत बसतच नव्हतं. म्हणून गॅलिलिओचं विधान ‘या दोन अंतरांचं गुणोत्तर त्या दोन काळांच्या वर्गांच्या गुणोत्तराइतकं’ असं लांबलचक येतं. तशी मांडणी वाचताना दमछाक होते, पण एकदा तरी वाचावी. अक्षरांच्या बीजगणिताने आपले किती श्रम वाचवले ते तेव्हा कळतं.

तिसऱ्या समीकरणाकडे वेगळं पाहायला हवं. (अंतिम वेग − सुरुवातीचा वेग) म्हणजे त्वरण × काळ. (अंतिम वेग + सुरुवातीचा वेग) म्हणजे दुप्पट विस्थापन भागिले काळ. दोन्हींचा गुणाकार केला की काळ आपोआप कटतो आणि वेगांच्या वर्गांतला फरक = २ × त्वरण × विस्थापन हे उरतं. स्थिर अवस्थेतून पडणाऱ्या वस्तूत अंतराच्या प्रमाणात वाढतो तो वेगाचा वर्ग, वेग नव्हे. १६०४ च्या पत्रात गॅलिलिओ इथेच, एका वर्गाने, हुकला होता. गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेल्या तोरिचेल्लीचं नाव काही देशांत या समीकरणाला दिलं जातं. १६८६ साली लायब्निट्झने उंची आणि वेगाचा वर्ग यांच्या याच नात्यावरून ‘जिवंत बळ’ (वस्तुमान × वेगाचा वर्ग) मांडलं. दोन्ही बाजूंना निम्म्या वस्तुमानाने गुणा, आणि गतिज ऊर्जा व कार्य यांचं नातं समोर येतं.

वेग म्हणजे अंतराच्या बदलाचा दर, असं चिन्हांत लिहायची सुरुवात १६९८ ते १७०० च्या सुमारास पॅरिसच्या अकादमीत पियेर व्हारिन्याँने केली, लायब्निट्झचं कलनशास्त्र वापरून. १७३६ मध्ये ऑयलरने संपूर्ण यांत्रिकी त्याच भाषेत लिहिली. ओरेमची तिरकी रेघ आता सरळच असायला हवी असं उरलं नाही. त्वरण बदलतं असेल तर ती वाकते, तिन्ही समीकरणं लागू पडत नाहीत, पण तिच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर हे तसंच राहतं.