वनस्पतींचे पेन्सिलचित्र

ग्रॅफाइटच्या पेन्सिलीने, बहुधा रंगाविना, काढलेले रोप, फांदी, पान, फूल किंवा फळ यांचे चित्र. कधी ते शास्त्रीय नोंदीसाठी काढतात, कधी निव्वळ चित्र म्हणून. नाजूकपणा हा त्याचा ठळक गुण मानला जातो. मात्र फिकट रेघ म्हणजे नाजूक रेघ नव्हे. भीतभीत काढलेली रेघही फिकटच उमटते, आणि ती लगेच ओळखू येते, कारण ती तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकते. कसलेल्या हाताची रेघ सलग असते, पण तिची जाडी सारखी नसते. पाकळीच्या उजेडाकडच्या कडेला ती जवळजवळ विरते, दुमडीपाशी दाट होते. विरलेला भाग डोळा आपोआप भरून काढतो.

चित्राचा कस पाहायचा तर फुलाआधी पेर पाहावे. पेरापाशी, म्हणजे पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे, पुष्कळ झाडांत तो किंचित रुंदावतो आणि त्याच्या बगलेत बारीक कळी असते. हे न पाहता काढलेले पान खोडाला नुसते चिकटवल्यासारखे दिसते. पाने एकाआड एक आहेत की समोरासमोर, शिरा जाळीदार आहेत की समांतर, हेही चित्रातून कळायला हवे. सर्वांत अवघड म्हणजे पाहणाऱ्याच्या रोखाने वळलेले पान. त्याची लांबी आखडलेली दिसते, मधली शीर वाकते आणि दुमडीमागे काही अंतर दिसेनाशी होऊन पलीकडे नेमक्या जागी पुन्हा निघते. तिथे चूक झाली की पान मोडल्यासारखे वाटते. मग छायेची कितीही सफाई उपयोगी पडत नाही.

आजच्या पेन्सिलीची घडण मुख्यतः फ्रान्सच्या निकोला-झाक काँते यांच्या 1795 च्या पेटंटातून आली. ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती यांचे मिश्रण भाजून त्यांनी शिसे, म्हणजे पेन्सिलीतली रेघ उमटवणारी कांडी, तयार केले. मातीचे प्रमाण वाढवले की शिसे कडक होते. कडक ‘एच’ पेन्सिलीने शिरा व लव, तर मऊ ‘बी’ पेन्सिलीने गडद सावल्या काढतात. कागद गुळगुळीत हवा, कारण खरखरीत कागदावर बारीक रेघ तुटते. पानावरची चकाकी म्हणजे बहुधा कोरा सोडलेला कागदच.

फर्डिनांड बाऊअर हे 1801 मध्ये ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या सागरी मोहिमेत चित्रकार होते. झाडे ताजी असतानाच ते पेन्सिलीने रेखाटत आणि पानापाकळ्यांवर रंगछटांचे सांकेतिक आकडे घालत. जलरंगांतली चित्रे नंतर या आकड्यांवरून पूर्ण होत. आकड्यांनी भरलेली ती कच्ची रेखाटने आज स्वतंत्रपणेही पाहण्याजोगी वाटतात. याच्या अगदी उलट वाट अमेरिकन चित्रकार एल्सवर्थ केली (1923–2015) यांची. त्यांच्या कित्येक वनस्पतिचित्रांत छाया नाही, शिराही नाहीत. केवळ बाह्यरेषा आहे, तरी पानाचे वजन जाणवते. वनस्पतिशास्त्रज्ञाला ती अपुरी वाटतील, आणि त्याच्या कामापुरते ते बरोबरच आहे.

ग्रॅफाइट उजेडाने उडत नाही, पण बोटाने सहज फासले जाते. गडद भाग समोरून चकाकतात, म्हणून असे चित्र किंचित तिरक्या उजेडात पाहतात. आधी हातभर अंतरावरून तोल आणि मोकळी जागा, मग जवळून, हवे तर भिंगाने, रेघ. तिरक्या उजेडात खोडलेल्या रेघांचे खळगेही दिसतात आणि फांदी आधी कुठे काढली होती तेही कळते.