ॲक्रिलिक कापताना ‘जितके दात जास्त, तितके बरे’?

‘ॲक्रिलिक वितळू नये म्हणून गोल करवतीला सर्वांत जास्त दातांचे पाते लावा आणि शीट अगदी सावकाश सरकवा,’ हा सल्ला लातूर-नांदेडकडच्या नामफलकांच्या दुकानांतही वर्षानुवर्षे दिला जातो. प्लायवूडवर बारीक दातांनी कड स्वच्छ येत असल्यामुळे तो पटतोही. पण लाकूड वितळत नाही आणि ॲक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, हा फरक त्यात सुटतो.

दात पुष्कळ आणि सरकवणे मंद असले, की प्रत्येक दाताच्या वाट्याला इतका पातळ थर येतो की तो कापला जाण्याऐवजी घासला जातो. शिवाय दातांमधील खाच लहान झाल्याने चुरा बाहेर पडत नाही, तापतो आणि पात्यामागे पुन्हा चिकटतो. म्हणून १० इंची पात्याला ३ मिलिमीटरच्या शीटसाठी ८० दात योग्य ठरतात, तर जाड शीटसाठी ६० पुरतात. दातांच्या संख्येइतकाच, किंबहुना माझ्या मते अधिक, त्यांचा आकार महत्त्वाचा आहे: कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची टोके, एकाआड एक सपाट आणि कोपरे तासलेले दात, आणि पुढे न झुकलेला, म्हणजे शून्याच्या जवळचा किंवा किंचित उलटा कोन.

पडताळणीसाठी डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा लावून त्याच शीटच्या टाकाऊ तुकड्यावर दोन काप घ्यावेत, एक रेंगाळत आणि दुसरा न थांबता एकसारख्या वेगाने. कोरडा, सुटा चुरा पडला तर पाते बरोबर आहे. दोरे निघाले, उग्र वास आला किंवा काप मागून सांधला गेला, तर उष्णता वाढली आहे.