संप्रेरकांच्या कमतरतेमुळे येणारे पुरुष वंध्यत्व : उपचाराच्या इंजेक्शनांबाबत ग्राहकांसाठी माहिती

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके पुरेशी मिळाली नाहीत, तर वृषण मुळात निरोगी असूनही शुक्राणू तयार होत नाहीत. पुरुष वंध्यत्वाचे हे कारण तसे विरळ असले, तरी औषधांना चांगली दाद देणाऱ्या मोजक्या कारणांपैकी ते एक आहे. औषध आणि मात्रा अर्थातच आपले डॉक्टर रक्ततपासणीवरून ठरवतील.

आमच्या दुकानात सर्वांत मोठा गैरसमज आढळतो तो टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाबद्दल. त्याने दाढीमिशा, ताकद व कामेच्छा सुधारते हे खरे. परंतु ते बाहेरून मिळू लागले की पिट्युटरीकडून येणारे उरलेसुरले संकेतही मंदावतात आणि शुक्राणूंची निर्मिती आणखी घटते. म्हणून मूल हवे असेल त्या काळात ते घेऊ नये, मग ते जिममधल्या मित्राने कितीही आग्रहाने सुचवलेले असो. अपत्यप्राप्तीनंतर डॉक्टर पुन्हा टेस्टोस्टेरॉन सुरू करू शकतात.

उपचाराची सुरुवात बहुधा एचसीजी या संप्रेरकाच्या इंजेक्शनाने होते. ते एलएचचे काम करते, म्हणजे वृषणालाच टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावते, आणि सामान्यतः आठवड्यातून दोन-तीन वेळा १५०० ते २००० युनिट दिले जाते. कमतरता वयात आल्यानंतर निर्माण झाली असेल, तर काहींना एवढेच पुरते. तीन ते सहा महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू दिसले नाहीत, तर जोडीला एफएसएच दिले जाते, साधारण ७५ ते १५० युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा. त्याऐवजी रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रापासून बनवलेले, एफएसएच असलेले एचएमजी हे औषधही चालते. प्रयोगशाळेत तयार केलेले रिकॉम्बिनंट एफएसएच अधिक शुद्ध व बरेच महाग असते, पण केवळ किमतीवरून ते सरस ठरवू नये, असे आमचे मत आहे.

तिसरा मार्ग जीएनआरएच पंपाचा. जीएनआरएच म्हणजे पिट्युटरीला एलएच व एफएसएच सोडायला लावणारे मेंदूतील संप्रेरक. दर ९० ते १२० मिनिटांनी सूक्ष्म मात्रा सोडणारा हा पंप रात्रंदिवस अंगावर बाळगावा लागतो, आणि पिट्युटरी शाबूत असेल तरच त्याचा उपयोग होतो. त्यामुळे तो क्वचितच निवडला जातो.

एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागत असल्याने परिणाम दिसण्यास सहा महिने ते दोन वर्षे लागू शकतात. लहानपणी वृषण खाली उतरले नसतील, तर प्रतिसाद कमी मिळतो. उलट, शुक्राणूंची संख्या सामान्यापेक्षा कमी राहूनही गर्भधारणा झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पहिले दोन महिने काहीच घडले नाही म्हणून इंजेक्शने परस्पर बंद करू नयेत. छाती दुखरी होऊन वाढू लागली किंवा मुरमे फार आली, तर डॉक्टरांना कळवावे.

कुपीवर २ ते ८ अंश तापमान छापलेले असेल, तर ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी. दारात नको, आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको. पावडर द्रावणात मिसळताना कुपी जोरात न हलवता तळव्यांमध्ये हलकेच फिरवावी. पावडर विरघळल्यावरही द्रावण गढूळ दिसल्यास ते टोचू नये. कुपी व बिल घेऊन दुकानात यावे.